तात्या पाणी प्यायला जायचा

खरसुंडीच्या पौषी यात्रेला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसरीत होतो, १९९९ ची गोष्ट. यात्रा म्हणजे पाळणा, भेळ आणि शिट्टी एवढंच माझ्या डोक्यात, पण तात्या, म्हणजे माझा आजोबा, मला घेऊन गेला तो थेट जनावरांच्या बाजारात. माळावर नजर जाईल तिथपर्यंत पांढरी खिलार जनावरं, रांगेनं ठोकलेले खुंटे, साळून तुळतुळीत केलेली शिंगं, त्यांच्या टोकाला पितळी शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळा, आणि ह्या सगळ्यावर धूळ. आमची दोन खोंडं तात्यानं पहाटे धुवून आणलेली, दुशी, म्हणजे दोन दात आलेली जोडी, एकाच रंगाची, एकाच उंचीची, लांबनं बघितलं तर एक जनावर आणि त्याची सावली वाटावी अशी.

हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आला. त्यानं जोडीभोवती दोन चकरा मारल्या, वशिंड दाबलं, तोंड उघडून दात बघितले, भोवरे बघितले, शेपटीचा गोंडा हातातनं सोडला, आणि मग खांद्यावरचा टॉवेल काढून तात्याच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली दोघांचे हात. बोटं धरायची, सोडायची, दाबायची, तोंडानं फक्त "हे हजार, हे शंभर" एवढंच, आकडा काय चाललाय ते तिसऱ्याला कळत नाही. मी तात्याच्या तोंडाकडं बघत होतो, तोंडावर काही म्हणजे काही नाही. आणि एकदम त्यानं हात काढून घेतला, म्हणाला, "थांब जरा, पाणी पिऊन येतो."

आमची बैलगाडी सोडून तिथंच पन्नास पावलांवर लावलेली. तिथं तीन दगडांच्या चुलीवर आज्जी भाकरी थापत बसलेली. तात्या गेला, उकिडवा बसला, तांब्या तोंडाला लावला, परत आला, हात परत टॉवेलात. त्या दिवशी तो तीन वेळा पाणी प्यायला गेला. पौषातल्या थंडीत. मला वाटलं म्हातारा माणूस आहे, तहान लागत असेल. घरी आल्यावर पोरांना सांगितलं की आमच्या तात्यानं जोडी २२ हजाराला घातली, आणि हे पण सांगितलं की तात्याला लई तहान लागती. पहिलं कुणाला खरं वाटलं नाही, दुसऱ्यावर सगळे हसले.

आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडपासनं आठ-नऊ किलोमीटर. माणगंगा नावाची नदी जवळनं जाते, जाते म्हणजे नकाशात जाते. पाऊस कधी पडला तर पडला. अशा मुलखात शेतीच्या भरवशावर कोण राहत नाही, कोण मेंढरं राखतं, कोण गलाईच्या धंद्यात पार केरळ-तमिळनाडूपर्यंत जाऊन सोनं-चांदी आटवत बसतं (आमचे धाकटे काका तिकडंच आहेत, तमिळ असं बोलतात की मराठीत बोलताना सुद्धा मान तशीच हलवतात), आणि पूर्वी ज्याला काहीच नसायचं तो मुंबईला गिरणीत जायचा. आणि घरटी एक तरी खिलार असायची. खिलार गाय दूध देण्यात कंजूष, वासराचं भागवून दोन-तीन लिटर मिळालं तरी बास. ती पाळायची खोंडांसाठी. हलक्या खाण्यावर, उन्हात, खडकाळ रानात दिवसभर औत ओढणारं दुसरं जनावर आमच्याकडं नाही. तिच्यात परत कोसा आणि काजळी असे रंगावरनं प्रकार. काजळीच्या डोळ्याभोवती खरंच काजळ घातल्यासारखी काळी कड असती.

तात्याचं नाव आमच्या भागात ह्या जनावरांमुळं. लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर, "तुमी त्या खिलारवाल्या तात्याचं नातू का?" हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकलाय. वासरू जन्मल्या जन्मल्या तो त्याच्या टाळूवरचा तांबूस डाग बघायचा, खिलार वासराला तो असतोच, दोनेक महिन्यांत जातो, पण तात्याचं म्हणणं तो किती गडद आहे त्यावरनं पुढचा रंग सांगता येतो. बरोबर सांगायचा का? बहुतेक वेळा. चुकला की म्हणायचा, "आईवर गेलंय." तोंड न उघडता जनावर आदत आहे, दुसं आहे का चौसं, म्हणजे दात किती आलेत, ते चालीवरनं सांगायचा. माझ्या ऑफिसात, चाकणला, मी हे सगळं किती वेळा रंगवून सांगितलं असेल. आमचे आजोबा म्हणजे कसे, जनावर त्यांना बघून उठून उभं राहायचं, वगैरे. त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं.

पण हिशेब मी कधी केला नाही. तात्या १९५७ ला, एकविसाव्या वर्षी, मुंबईला गेला आणि १९८२ ला परत आला. पंचवीस वर्षं. काजळी नावाची पहिली गाय घरात आली १९६१ ला, गिरणीच्या पैशातनं. म्हणजे ज्या दावणीमुळं त्याचं नाव झालं ती दावण उभी राहत असताना हा गडी वर्षातला एक महिना गावाला असायचा. हे साधं गणित आहे, मी मेकॅनिकल डिप्लोमावाला माणूस, आणि मला ते तीस वर्षं दिसलं नाही.

मुंबईत तो डिलाईल रोडला गाळ्यात राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, सगळे आमच्याच बाजूचे, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून मावायचे, एक उठला की त्याच्या गरम वाकळेत दुसरा. जेवण खानावळीत. पहिली चार वर्षं बदली कामगार, म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या गेटावर उभं राहायचं, कोण गैरहजर असंल तर आत, नसंल तर परत गाळ्यावर. मग त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, कायम झाला. सूत तुटलं की सांधायचं, सूत तुटलं की सांधायचं, तेवढंच काम, आठ तास, कानात मशिनीचा आवाज आणि नाकात कापसाची भुकटी. त्याला म्हातारपणी जो खोकला होता तो तिथला. गिरणीबद्दल तो फारसं बोलायचा नाही. एकदाच म्हणालेला, "तिथं सगळं पांढरं. डोळं मिटलं की म्हणायचं, खिलारं हायती." मला वाटतं हे वाक्य त्यानं आधी कुठंतरी वापरून बघितलेलं असणार, इतकं ते जमलेलं होतं.

वैशाखात रजा. महिनाभर गावाला. आमचे पप्पा आणि दोन्ही काका, तिघं पण माघ-फाल्गुनातले, ह्यावर घरात अजून चेष्टा चालते.

तात्या जानेवारी २०२१ मध्ये गेला. पंच्याऐंशीच्या घरात होता, झोपेत गेला, फार काही झालं नाही. तेराव्यानंतर माळ्यावरची त्याची पत्र्याची ट्रंक खाली काढली, मुंबईहून आणलेली, हिरव्या रंगाची, झाकणावर नाव आणि खाली "मु. पो." लिहून पुढं गावाचं नाव. आत गिरणीचा बिल्ला, पासबुक, एक सुती पंचा, आणि निळ्या इनलँड पत्रांचा गठ्ठा. पत्रं पप्पांच्या अक्षरातली. पप्पा बघतच राहिले. तिसरी-चौथीतलं अक्षर, शिरोरेघ चढत चाललेली, "तीर्थरूप तात्यास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि."

आणि ह्याच्या उलट बाजूची पत्रं, म्हणजे तात्यानं मुंबईहून पाठवलेली, ती घरातच होती, माजघराच्या खुंटीला तारेत ओवलेली. पूर्वी पत्र आलं, वाचलं, की तारेत खुपसून ठेवायचे, तसं पणजोबांनी ठेवलेलं. ती तार मी लहानपणापासनं बघतोय, कधी हात लावला नव्हता. मग मी आणि पप्पांनी ओसरीवर सतरंजी टाकून दोन्ही गठ्ठे तारखेवार लावले. ह्याचं पत्र, त्याचं उत्तर. तारेतल्या प्रत्येक पत्राच्या मधोमध एक भोक, त्यामुळं प्रत्येक पत्रातला एखाददुसरा शब्द गायब.

तात्या दुसरी शिकलेला, त्याची पत्रं गाळ्यातला कोणीतरी लिहून द्यायचा. पत्र असायचं पणजोबांच्या, म्हणजे आबांच्या, नावानं. बायकोला पत्र लिहायची पद्धत नव्हती, तिचं नाव घ्यायची तर नव्हतीच. म्हणून सगळ्या सूचना अशा: "काजळी फळली (गाभण राहिली) का ते कळवणे. सरकी महाग असली तरी तोडू नये असे घरात सांगणे. वळू आटपाडीकडचाच दाखवावा असे घरात सांगणे. पोरे बरी असतील." घरात सांगणे. घरात म्हणजे आज्जी. पंचवीस वर्षांच्या पत्रात माझी आज्जी "घरात" ह्या एका शब्दात राहते. आणि बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पोरांची चौकशी कायम गायींच्या नंतर. पप्पा ते वाचून हसले, पण जरा वेळानं म्हणाले, "सरकीच्या पण नंतर रे."

उत्तरं पप्पांच्या अक्षरातली, पण बोलणं पप्पांचं नाही. प्रत्येक ओळ "आई म्हणती" नं सुरू. आई म्हणती काजळी फळली. आई म्हणती आटपाडीचा वळू नाही दाखवला, त्याचे मागले पाय वाकडे आहेत, दिघंचीचा दाखवला. आई म्हणती खोंडाला वेसण घातली, एक दिवस खाल्ले नाही, आता खातो. आई म्हणती सरकी परवडत नाही, मटकीचे भुसकट देते, तब्येत चांगली आहे. तात्या मुंबईहून सांगायचा आटपाडी, आज्जी करायची दिघंची, आणि कळवायची करून झाल्यावर. मी पत्रं चाळत गेलो तसं मला एक लक्षात आलं, सुरुवातीच्या पत्रांत तात्या हुकूम सोडतोय, "दाखवावा", "करावे", "तोडू नये". सत्तरच्या दशकात पुढं प्रश्न यायला लागतात. "काय करावे असे घरात वाटते?"

मधल्या काळात बहात्तरचा दुष्काळ आहे.

दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण आमच्याकडं त्याच्या आधीची दोन वर्षं पण अशीच गेलेली. लोकं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. रेशनला लाल मिलो, अमेरिकेची, ती भाकरी घशाखाली उतरत नव्हती असं त्या पिढीतलं प्रत्येक माणूस सांगतं, कामावर सुकडी मिळायची ती मात्र पोरांना आवडायची. माणसांचं कसंतरी चाललेलं, जनावरांना कडब्याची काडी नाही. हेडी दारात यायचे आणि मागंल त्या किमतीला दावण रिकामी करायचे. त्यावेळचं पप्पांच्या अक्षरातलं पत्र आहे, दहा वर्षांचा पोरगा, मी जसंच्या तसं उतरवतोय: "आई म्हणती दोन्ही बैल दिले. काजळी देणार नाही. आबा रागावले, म्हणाले गाय विक, बैल ठेव, पेरणीला काय जुंपणार. आई म्हणती तात्याला लिही की बैल परत घेता येतात, गाय परत घेता येत नाही. सोमवारी आम्ही वाळव्याला जाणार. मी पण जाणार. माझी शाळा बुडणार आहे."

दोन पोरं, काजळी, तिची पाडी हरणी आणि एक खोंड, एवढं घेऊन ती तीस वर्षांची बाई विट्यावरनं कृष्णाकाठाला चालत गेली. पाच दिवस लागले. तिकडं एका ऊसवाल्याच्या बांधावर पाल ठोकून सात महिने राहिली, त्याची ऊसतोड करायची, बदल्यात वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, आणि पाणी. पप्पांना आठवतंय ते एवढंच की रात्री आई जनावरांच्या मधी झोपायची, दावं पायाच्या अंगठ्याला बांधून, कुणी सोडायला आलं तर जाग यावी म्हणून.

ह्यावर मुंबईहून आलेलं पहिलं पत्र रागाचं आहे. बैल कोणास विचारून विकले, आबांचा शब्द का मोडला, असं. दोन महिन्यांनी दुसरं आलं. त्यात ओळ आहे: "घरात सांगणे की केले ते", पुढं तारेचं भोक, आणि मग "केले." बरोबर केले का वाईट केले, शब्द नेमका गेलाय. पप्पा म्हणतात बरोबरच असणार, कारण खाली लिहिलंय की जास्तीची मनीऑर्डर केली आहे, काजळीच्या खुराकाला. मी पत्र घेऊन आज्जीकडं गेलो. तिला वाचता येत नाही, तिनं भोकातनं माझ्याकडं एक डोळा करून बघितलं आणि म्हणाली, "काय का आसंना. पैसं आल्तं."

आता ती पत्रं लावताना माझी कुठं पंचाईत झाली सांगतो. गाभण गायीच्या तारखा पत्रात अगदी बरोबर आहेत, अमुक दिवसाला विणार, आणि पुढच्या पत्रात विली. आज्जीला लिहिता येत नाही, कॅलेंडर घरात नव्हतं. मी विचारलं तर ती मला जुन्या गोठ्यात घेऊन गेली आणि तुळईकडं बोट केलं. धुरानं काळ्या झालेल्या लाकडावर कुंकवाच्या रेघा, बारीक बारीक, आता तपकिरी पडलेल्या. गाय फळली की एक रेघ, मग दर महिन्याला त्याच तिथीला एक. अशा नऊ झाल्या की वरचे दिवस बोटावर. प्रत्येक गायीची वेगळी ओळ, अशा किती तरी ओळी, एकीच्या पाच रेघा होऊन थांबलेल्या. "ही टाकली," आज्जी म्हणाली, म्हणजे गाभडली. मी त्या गोठ्यात लहानपणी लपाछपी खेळलोय, वर बघितलं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार गेले, तात्या त्यातला एक. सगळ्यांना वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटंल. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, सगळ्यांना माहितीये. तात्या एप्रिलमध्ये ट्रंक घेऊन गावाला आला, सेहेचाळीस वर्षांचा, हातात पैसा नाही, गिरणीतनं काही येणं होतं ते पुढं कधी पूर्ण मिळालं नाही. पुढं कधीतरी गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीचा फॉर्म भरला, १ जानेवारी ८२ ला पटावर होता त्यामुळं पात्र होता, नंबर लागला नाही. घराबद्दल त्याला काही वाटलं नाही. बिल्ला जपून ठेवलेला तेवढा.

पण मला बघायला आवडलं असतं ते त्याचं गावातलं पहिलं वर्ष. पंचवीस वर्षं पत्रातनं गायी पाळलेला माणूस, प्रत्येकीची आई-आज्जी तोंडपाठ, आणि गोठ्यात पाऊल टाकलं की जनावरं दावं तोडायला बघायची. त्यांच्या लेखी हा कोण? परका गडी. हरणीनं पहिल्या आठवड्यात त्याला लाथ घातली, गुडघा सुजला. धार काढायला बसला की गाय पान्हा चोरायची. तेव्हा कुणीतरी सांगितलं की जी रोज धार काढते तिचं कापड अंगावर घे, वासानं गाय फसती. तर आमचा तात्या, गिरणी कामगार, संपकरी, आज्जीचं जुनं पातळ अंगाभोवती गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन गायीखाली बसायचा. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायची. आज्जी सांगताना अजून इतकी हसते की तिला ठसका लागतो. हे सहा महिने चाललं. मग गायींना सवय झाली. का पातळाला त्याची सवय झाली, ठाऊक नाही.

आणि तिथनं पुढं तो खिलारवाला तात्या. हे पण खरंच आहे, ते मी काढून घेणार नाही. त्यानं जीव लावला, शिकला. खोंडाला चाल शिकवणं, शिंगं वळवणं, रोज पहाटे खरारा, ह्यात त्याचा हात आज्जीपेक्षा चांगला होता, ती स्वतः म्हणते. पंढरपूरच्या कार्तिकीला वाखरीच्या बाजारात, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात, खरसुंडीला, सगळीकडं तो जायचा. ऐंशी-नव्वदच्या दशकात जो तो जर्सी आणि एचएफ असल्या विलायती गायी घेत होता, डेअरीला दूध घालत होता, मग ट्रॅक्टर आले, लोकांनी खिलार काढून टाकली. पप्पा मास्तर, त्यांनी पण सांगून बघितलं की तात्या परवडत नाही. हा म्हणायचा, "घरात विचार." घरात विचारायची कुणाची टाप नव्हती.

तर टॉवेलाचं. पत्रं वाचून झाल्यावर मला खरसुंडी आठवली आणि मी आज्जीला विचारलं की तात्या सौद्यातनं उठून तुझ्याकडं पाणी प्यायला का यायचा गं. ती शेंगा फोडत होती, मान वर केली नाही. "मग? दोगांनी बोलून करायचं आस्तंय. बाजारात बाईनं आकडा बोललेला चालत न्हवता. म्हणून तो पाणी प्यायचा." मी म्हणलं, आणि तू काय सांगायचीस? "काय न्हाय. पाणी प्याला की तांब्या हातात घ्यायचा. मी भाकरी उलथली की दे. न्हाय उलथली की थांब." मी म्हणलं भाकरी करपली तर? "करपायच्या की. खायाचा मग करपल्याली."

एक गोष्ट मात्र दोघंही टाळायची. तात्या छाती ठोकून सांगायचा की आपण कसायाला जनावर कधी दिलं नाही. मार्च २०१५ मध्ये गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवर पण बंदी आली, म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही, आमच्याकडं दोन तसेच दावणीला राहिले, चार वर्षं बसून खाल्लं. तेव्हा तात्या म्हणाला, सरकारनं बरं केलं. आज्जी आतनं म्हणाली, "मग आदीचं म्हातारं बैल कुटं जात हुतं?" तात्या गप्प. हेडी न्यायचा, पुढचं कोण विचारत नव्हतं, आणि त्या पैशातनं नवीन खोंडाचा खुराक यायचा. माझ्या शाळेच्या फीमध्ये पण त्यातलं काही असणार. मी पण विचारलेलं नाही.

२०१९ ला परत दुष्काळ पडला आणि म्हसवडजवळ चारा छावणी लागली. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो चारा, नंतर १८ केला. जनावरांबरोबर एक माणूस राहायला पाहिजे. पप्पा म्हणाले गडी ठेवू. तात्या त्र्याऐंशीचा, खोकला, डोळ्याला कमी दिसायचं, त्यानं घोंगडं गुंडाळलं आणि आज्जीला म्हणाला, "तू गेलीस की मागं. आता मी जातो." चार महिने तो शेडनेटखाली राहिला. आज्जी रोज डबा भरायची आणि पप्पा मोटरसायकलवर न्यायचे. एकदा मी सुट्टीला गेलो तेव्हा मी नेला. तात्या खाटेवर पडलेला, दावं पायाच्या अंगठ्याला बांधून. तेव्हा मला ती वाळव्याची गोष्ट माहीत नव्हती, मला वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी चाललंय, आणि मी ते सोडून खुंट्याला बांधलं. तो काही बोलला नाही. मी जायला निघालो तेव्हा परत अंगठ्याला बांधत होता.

तो गेल्यावर त्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली. २०१४ पासनं बंद होत्या. एका रात्रीत खिलार खोंडाला भाव आला, जे कुणी विचारत नव्हते ते व्हिडिओ पाठवा म्हणून फोन करायला लागले. तात्याला शर्यत आवडायची नाही असं तो म्हणायचा, पण दर वर्षी कुठल्या फाटीवर कोण पहिला आला ते त्याला आधी कळलेलं असायचं. मग २०२२ ला लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी येणारा रोग, आला. बाजार बंद. आमच्या दावणीला तेव्हा एकच गाय, काजळीची नववी पिढी, आणि तिचा खोंड. खोंडाला लस वेळेत मिळाली, गायीला गाठी आल्याच. ऐंशी वर्षांची आज्जी दिवसातनं दोनदा लिंबाचा पाला उकळून तिचं अंग पुसायची, हळद लावायची, डॉक्टर इंजेक्शन देऊन जायचा, तीन आठवडे गाय बसून होती. उठली. अंगावर वण राहिले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी गावाला असताना हेडी आला. १९९९ च्या हेड्याचा मुलगा, बुलेटवर, हातात मोबाईल, पण खांद्यावर टॉवेल. खोंड त्याला पाहिजेच होता. पप्पा शाळेच्या मीटिंगला गेलेले, घरात आज्जी आणि मी. त्यानं चकरा मारल्या, दात बघितले, आणि एकदम टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या टॉवेलाच्या आत. त्याचा हात घामेजलेला, बोटं जाड. एक बोट धरलं, "हा लाख." मग परत एक, "हे धा हजार." एक लाख दहा. माझ्या डोक्यात घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, आणि असं की हा सौदा मी केला तर ऑफिसात काय सांगता येईल. तोंडावर काही दिसू नये म्हणून मी लिंबाकडं बघत होतो.

मी हात काढून घेतला. म्हणलं, "थांबा जरा, पाणी पिऊन येतो."

आत आज्जी चुलीपुढं. आता गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी उकिडवा बसलो, हळूच आकडा सांगितला, आणि तव्याकडं बघत राहिलो. भाकरीला बुडबुडे यायला लागले, कडेनं करपल्याचा वास यायला लागला. आज्जीचा हात जागचा हलला नाही. मी उठायला लागलो तशी ती म्हणाली, "पाणी पी की आदी. त्याला खिडकीतनं दिसतंय."